कपाळावरचं बोट

लालबागच्या त्या हॉलमध्ये लग्नालाही कधी इतकी माणसं जमली नसतील. खुर्च्या भरल्या, मधली वाट भरली, वरची गॅलरी भरली, आणि उरलेली माणसं चपलांच्या ढिगावर उभी राहून आत पाहत होती. रविवारची सकाळ होती. धूप इतका जाळला होता की पुढच्या रांगेतली म्हातारी माणसं खोकत होती, पण उठत कोणीच नव्हतं.

स्टेजवर त्रिनेत्रनाथ महाराजांचे पुरुषभर उंचीचे कटआउट उभे केले होते. एक आशीर्वाद देणारा, एक डोळे मिटलेला, एक हसणारा. त्यांच्यामधून एक माणूस चालत होता. डोळ्यांवर कापसाचे बोळे, वर काळं फडकं करकचून बांधलेलं. कपाळावर लाल मखमलीचा पट्टा. तो कटआउटच्या जवळ आला की थबकायचा, मान किंचित वळवायचा आणि बाजूने निघून जायचा. एकालाही त्याचा धक्का लागला नाही. प्रत्येक वळणाला हॉलभर 'आई, आई' असा देवीचा जप उठायचा.

"डोळे कशाला हवेत?" महाराज माईकवर म्हणाले. आवाज मऊ, प्रत्येक वाक्यानंतर थोडं थांबायचं. "डोळे मातीचे. आईचं बोट मातीचं नाही. ती कपाळाला बोट लावते आणि सांगते, बाळा, इकडे नको, तिकडे जा. परदेशातल्या मोठमोठ्या लॅबमध्ये विचारा. ते याला व्हायब्रेशन म्हणतील. आपण स्पंदन म्हणतो. त्यांच्याकडे मशीन आहे, आपल्याकडे साधना आहे."

मी शेवटून तिसऱ्या रांगेत बसले होते. मी डोळ्यांची डॉक्टर आहे, परळला माझा दवाखाना आहे. मला तिथे आणलं होतं स्वप्नीलने, माझ्या पेशंटच्या मुलाने. "मॅडम, एकदा या आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघा," असं त्याने तीनतीनदा सांगितलं होतं.

मग महाराजांनी त्याच्या आईला स्टेजवर बोलावलं.

अंबिकाकाकी साठीच्या आतबाहेरच्या. मूळच्या मालवणकडच्या, यजमान गिरणीत होते. यजमान गेल्यावर काकींनी लालबागला मसाल्याच्या गल्लीत एक गाळा भाड्याने घेतला आणि मिरची निवडून, भाजून, कुटून देण्याच्या धंद्यावर घर उभं केलं. बेडगी आणि संकेश्वरी एकमेकांत मिसळली तर त्या नुसत्या रंगावरून वेगळी करायच्या. तो रंग हळूहळू दिसेनासा झाला तेव्हा त्या माझ्याकडे आल्या. काचबिंदू. डोळ्यातला दाब वाढतो, दुखत काहीच नाही, आणि नजर कडेकडेने विझत येते. शेवटी माणूस नळीतून पाहावं तसं पाहू लागतो. काकींच्या डाव्या डोळ्यात तेवढंच, नळीएवढं उरलं होतं, उजव्यात थोडं जास्त. ते टिकवायला रोज थेंब घालायचे, एवढा एकच उपाय होता आणि तो त्या नेमाने करत होत्या.

महाराजांनी त्यांचे डोळे बांधले आणि पट्टा कपाळावर चढवला. काकी चाचपडत निघाल्या. पहिल्या कटआउटपाशी थांबल्या. मान वळली. पाय वळले. मी श्वास रोखून पाहत होते. त्यांना कोणी खूण करत नव्हतं, कोणी खाकरत नव्हतं, फडक्यातून दिसण्याचा प्रश्नच नव्हता. आणि तरी त्या बाजूने निघून गेल्या.

"काय झालं, मावशी?" महाराजांनी माईक त्यांच्या तोंडाशी धरला.

"आई कपाळार बोट लावता," काकी म्हणाल्या. त्यांच्या बांधलेल्या डोळ्यांखालून पाणी ओघळत होतं. "उजवीकडे काय असला तर उजवीकडे लावता. डावीकडे असला तर डावीकडे."

हॉल उभा राहिला. माझ्या शेजारची बाई हुंदके देऊन रडत होती. मी रडत नव्हते, पण मला उत्तरही सापडत नव्हतं. काकी खोटं बोलणाऱ्यातल्या नाहीत, हे मला ठाऊक होतं. म्हणजे त्यांच्या कपाळाला काहीतरी नक्की लागत होतं.

पट्टा काकींना मिळाला. देणगीचं पाकीट स्वप्नीलने दिलं, आणि दुसऱ्याच आठवड्यापासून तो सेवेकऱ्यांचं उपरणं घालून हॉलच्या दारात उभा राहू लागला. पट्ट्याबरोबर नियमही मिळाले. दर रविवारी पट्टा आणून आईच्या पायाशी ठेवायचा, म्हणजे त्यात पुन्हा शक्ती भरते. मागच्या बाजूला जी चपटी चंदेरी डबी शिवली आहे तीत महाराजांच्या गुरूंची विभूती आहे. ती उघडली तर डोळे कायमचे जातील. पट्ट्याला पाणी लावायचं नाही.

आणि शेवटचा नियम: डोळ्यांत औषध घालायचं नाही. बाहेरचे थेंब पडले की तिसरा डोळा मिटतो.

हा शेवटचा नियम मला उशिरा कळला. काकी तपासणीला आल्या नाहीत, पुन्हा निरोप पाठवला तरी आल्या नाहीत, तेव्हा मीच त्यांच्या घरी गेले. गिरणीच्या जागेवर गिरणी कामगारांसाठी बांधलेल्या उंच इमारतीत त्यांची खोली आहे. काकी पट्टा लावून घरभर फिरत होत्या. मला त्यांनी स्वतः कपाटाच्या कडेने जाऊन पाणी आणून दिलं, सांडलं नाही. त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद मी पूर्वी कधी पाहिला नव्हता.

"थेंब बंद केलेत?" मी विचारलं.

"केलंय."

"काकी, दाब वाढत असेल. तुम्हाला कळणार नाही, पण जी नजर उरली आहे ती जाईल. आणि गेली की मी काही करू शकणार नाही."

त्या शांतपणे म्हणाल्या, "डॉक्टर, रागावू नको. तू माका इतकी वर्सा एकच सांगत इलंस. गेली ती येवची नाय, उरली ती सांभाळ. तेणी माका एका सकाळी चालयल्यान. आता तूच सांग, मी कोणाचा आयकू?"

मी बरोबर दाब मोजायचं छोटं यंत्र आणलं होतं. त्यांनी डोळा पुढे केला नाही.

स्वप्नील दाराशी उभा होता. बँकेच्या कॉल सेंटरमध्ये टीम लीडर असलेला, शिकलेला मुलगा. त्याच्या मनगटावरचं घड्याळ त्याच्या हृदयाचे ठोके मोजत होतं. "मॅडम, प्रॉब्लेम काय आहे तुमचा?" तो म्हणाला. "आई खूश आहे ना? चालतेय ना? मग? प्रत्येक गोष्टीला तुमच्या पुस्तकात उत्तर असेलच असं थोडीच आहे."

"मग मला तो पट्टा उघडून पाहू दे."

"नाय हां. ते नाय जमणार," तो म्हणाला आणि दार उघडून धरलं.

पुढे जे झालं ते अगदी साधं होतं. इमारतीची लिफ्ट बंद पडली होती. काकी देवळात जायला एकट्याच निघाल्या. पट्टा कपाळावर होता, काठी वगैरे त्यांनी कधी घेतलीच नव्हती. समोर भिंत नाही, खांब नाही, माणूस नाही. आईने कपाळाला बोट लावलं नाही म्हणजे वाट मोकळी आहे, असं समजून त्या चालत राहिल्या. पुढे जिना उतरत होता.

खालच्या वळणावर त्या सापडल्या. उजवं मनगट मोडलं होतं, भुवईला टाके पडले. इस्पितळात मी त्यांना भेटले तेव्हा पहिल्यांदाच त्यांनी मला डोळे तपासू दिले. दोन्ही डोळ्यांत दाब खूप वाढलेला होता. उजव्या डोळ्यात अजून काही उरलं होतं. तो झाकून डाव्या डोळ्यापुढे मी हात हलवला, मग दिवा धरला.

"दिवा लावलंस काय?" त्यांनी विचारलं.

दिवा पेटलेलाच होता.

त्या माणसाचा मला राग आहे आणि तो मी झाकणार नाही. लोक म्हणतात, जाऊ द्या, श्रद्धेचा प्रश्न आहे, गोडीने घ्या. एका बाईची उरलेली नजर थेंबाथेंबाने वाचत होती, ती एका माणसाने आपला हॉल भरावा म्हणून संपवली. गोडीने घेण्यासारखं त्यात मला काही दिसत नाही. महाराजांचा निरोप काय आला, तेही ऐका. "मावशींच्या मनात शंका आली असणार. त्या डॉक्टरणीने पेरली. आईने हात काढून घेतला. येत्या रविवारी सगळ्यांसमोर आईची माफी मागा, म्हणजे ती पुन्हा धरेल." आणि स्वप्नील हे मला इस्पितळाच्या गॅलरीत, माझ्या तोंडावर, खरं मानून सांगत होता.

मी त्याच्याशी वाद घातला नाही. मी मृणालिनीला फोन केला.

मृणालिनी जन्मांध आहे. दादरला राहते, नजर गेलेल्या माणसांना पांढरी काठी घेऊन रस्त्याने चालायला शिकवते. चाळिशी उलटलेली, आवाज खणखणीत. मी तिला हॉलमधला प्रकार पहिल्यापासून सांगितला.

"त्या वाटेत कटआउट होते," ती म्हणाली. "खाली काय होतं? एखादं स्टूल? बादली? पायरी?"

मी आठवून पाहिलं. "काहीच नाही. सगळं पुरुषभर उंचीचं."

"असणारच. मला त्या बाईंना भेटव. आणि त्यांच्याकडे जाड गोधडी आहे का ते विचार."

काकी घरी आल्यावर आम्ही दोघी गेलो. स्वप्नील कामावर होता. मृणालिनीने काकींचा प्लास्टरमधला हात हळूच चाचपला, पडल्याची सगळी हकिकत ऐकून घेतली, एकदाही उपदेश केला नाही. मग म्हणाली, "मला पट्टा लावून बघू दे?"

काकींनी थोडा विचार केला. "लाव. तूय माझ्यासारखीच."

मृणालिनीने पट्टा बांधला आणि भिंतीकडे चालत गेली. थांबली. मागे आली, पुन्हा गेली. समोरच्या लाल मखमलीवर बोराएवढ्या दोन गोल टिकल्या शिवल्या होत्या, महाराज त्यांना चंद्र आणि सूर्य म्हणत. तिने उजवीवर तळहात धरला. मग डावीवर. मग पट्टा काढून आपली काठी काकींच्या चांगल्या हातात दिली.

"मूठ घट्ट धरा आणि काठीचं टोक भिंतीकडे करा."

काकींनी तसं केलं आणि त्या दचकल्या. "हेच्यात पण आई असा?"

"ह्याच्यात बॅटरी आहे," मृणालिनी म्हणाली. "काठीतून एक आवाज निघतो. इतका बारीक की माणसाला ऐकू येत नाही. तो भिंतीवर आपटून परत येतो. लवकर परत आला म्हणजे भिंत जवळ आहे. मग मूठ थरथरते. वटवाघूळ अंधारात असंच उडतं. ही काठी मी चार वर्षं वापरते आहे. चांगली वस्तू आहे."

काकींनी मान हलवली. "तुझ्या काठीत बॅटरी असात. माझ्या पट्ट्यात आई असा. दोन येगळी."

"असू शकेल," मृणालिनी म्हणाली. "मग आपण आईलाच विचारू. आईला गोधडी दिसेल ना?"

काकींनी स्वतःच ट्रंकेतली गोधडी काढून दिली, जुन्या नऊवारींची, चांगली जाड. मी ती खोलीच्या मधोमध कपड्यांच्या दोरीवर टाकली, मधे सैल, घड्या पाडून. काकींनी डोळ्यांवर फडकं बांधलं आणि कपाळाला पट्टा लावला. भिंतीपाशी गेल्या, थांबल्या. कपाटापाशी गेल्या, थांबल्या. मग मी त्यांना खांद्याला धरून वळवलं आणि चालायला सांगितलं.

त्या सरळ गोधडीत शिरल्या.

पुन्हा केलं. पुन्हा शिरल्या. भिंत कळत होती, पत्र्याचं कपाट कळत होतं, गोधडी कळत नव्हती.

"मऊ कापड आवाज गिळून टाकतं," मृणालिनी म्हणाली. "परत काही येत नाही, म्हणून यंत्राला वाटतं समोर कोणी नाही. माझी काठीही इथे फसते. आणि पुढे खड्डा असेल, जिना उतरत असेल, तर कपाळावरच्या यंत्राला तो दिसणारच नाही, ते समोर बघतं. म्हणून काठी जमिनीवर टेकत चालायचं असतं. हे मी माझ्या विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवशी सांगते. त्या माणसाने तुम्हाला सांगितलं नाही, कारण देवीला जिना दिसत नाही असं कोण म्हणेल?"

काकी गोधडीत हात खुपसून उभ्या होत्या. त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता.

"आणखी एक करून बघूया," मृणालिनी म्हणाली. पण काकींनीच ते आधी केलं. त्यांनी पट्टा सोडला, चाचपत ओट्यापाशी गेल्या आणि पाण्याच्या रिकाम्या कळशीच्या गळ्याला तो बांधला. मग कळशीसमोर आपला हात नेला. कळशी घुंई करून वाजली. हात काढला, थांबली. हात नेला, वाजली.

"कळशेक कपाळ नाय," काकी म्हणाल्या. "तिका भक्ती नाय."

त्या खाली बसल्या. मी त्यांच्याजवळ गेले तेव्हा त्यांनी माझा हात धरला, पण रडल्या नाहीत. म्हणाल्या, "रविवारी माका माफी मागूक बोलयल्यानी. मी जातलंय."

रविवारी हॉल आणखी भरला होता. पडलेल्या बाईला देवीने शिक्षा केली ही बातमी गल्लोगल्ली गेली होती, आणि माफी बघायला माणसं चमत्कार बघायला येतात त्याहून जास्त उत्साहाने येतात. स्वप्नील आईला हाताला धरून स्टेजवर घेऊन आला. महाराजांनी प्लास्टरकडे बोट दाखवलं.

"बघा," ते म्हणाले. "मी रागावलो नाही. आईही रागावली नाही. मूल हात सोडून पळालं तर पडतं, एवढंच. बोला मावशी. मनात काय आलं होतं?"

काकींनी माईक घेतला. "महाराज, माफीच्या आधी माका आईची पूजा करूची असा. कळशी आणलंय."

महाराज खूश झाले. कळशी टेबलावर ठेवली गेली. काकींनी कपाळावरचा पट्टा सोडून कळशीला बांधला आणि माईक कळशीला टेकवून ठेवला.

"आता कळशेसमोर येवा."

महाराज पुढे झाले, हात जोडून. आणि हॉलच्या चारी कोपऱ्यांतल्या भोंग्यांतून घुंई असा आवाज आला. महाराज चमकून मागे सरले. आवाज थांबला.

काही क्षण कोणालाच काही कळलं नाही. पण महाराज कच्चे नव्हते. "पाहिलंत?" ते म्हणाले. "शक्ती कळशीत उतरली. आई कुठेही उतरू शकते. आता हे तीर्थ."

"आई कुठेही उतरते ना?" खालून मृणालिनीचा आवाज आला. ती माझ्या खांद्यावर हात ठेवून स्टेजच्या पायऱ्या चढत होती. "मग एवढंच करा. त्या मागच्या डबीतली विभूती काढून ठेवा आणि मग आईला कळशीत उतरवा. मंत्र तुमचेच म्हणा, हवा तेवढा वेळ घ्या."

"डबी उघडायची नाही," महाराज म्हणाले. आवाजातला मऊपणा गेला होता. "नियम आहे. या मावशीचे डोळे जातील. पाप कोण घेणार? तुम्ही घेणार? स्वप्नील, यांना खाली ने."

स्वप्नील पुढे आला. त्याने मृणालिनीला हात लावला नाही. तो कळशीकडे बघत होता. त्याने आपला हात कळशीसमोर धरला, ती वाजली. काढला, थांबली. मग सहज घड्याळ बांधलेला हात वर गेला आणि त्याच वेळी त्याच्या मनगटावर काहीतरी थरथरलं असावं, कोणाचा तरी मेसेज आला असेल, कारण त्याने घड्याळाकडे पाहिलं: तेही बॅटरीवर असंच थरथरत होतं.

"आई," तो म्हणाला. "उघडू?"

"हात लावू नको," महाराज म्हणाले. "तुझी आई आंधळी होईल. तुझ्या हाताने होईल."

काकींनी मुलाच्या आवाजाच्या दिशेने तोंड वळवलं. माईक अजून कळशीला टेकलेला होता, म्हणून त्यांचं बोलणं सगळ्यांना ऐकू गेलं.

"उघड रे. जावची ती नजर गेली."

स्वप्नीलने खिशातल्या किल्लीने डबीची शिवण उसवली. झाकण निघालं. विभूती नव्हती. चपटी बॅटरी होती, सर्किटची हिरवी पट्टी होती, आणि फोनच्या चार्जरचं टोक बसावं तसं एक छोटं भोक होतं. त्याने बॅटरीची तार ओढली आणि हात कळशीसमोर नेला. कळशी वाजली नाही. त्याने पुन्हा हात नेला. मग महाराजांच्या खांद्याला धरून त्यांना कळशीसमोर उभं केलं. कळशी गप्प.

"चार्जिंग," तो म्हणाला. "दर रविवारी आईच्या पायाशी. चार्जिंगला लावायचे तुम्ही."

मी माईक घेतला आणि काय आहे ते थोडक्यात सांगितलं. मला फार सांगावंच लागलं नाही. मधल्या रांगेतून एक जण उठला, टुरिस्ट गाडी चालवणारा. "ओ मॅडम, ही बटणं तर आमच्या बंपरला असतात," तो म्हणाला. "गाडी रिव्हर्स घेताना टीटी वाजतं ते. भिंत आली की वाजतं. सेम तेच." हॉलमध्ये कोणीतरी हसलं. मग दुसरं कोणी. आधी दबकत, मग मोकळेपणाने. त्या हॉलमध्ये मी ऐकलेलं ते पहिलंच खरं हसणं होतं.

महाराज माईकशिवाय काहीतरी ओरडत होते, धर्म, षड्यंत्र, परदेशी पैसा, असं. दोन सेवेकरी आमच्या अंगावर आले, पण स्वप्नील मधे उभा राहिला आणि ते थबकले. काकी टेबलाला धरून उभ्या होत्या.

"माका एक इचारूचा असा," त्या म्हणाल्या. हॉल शांत झाला. "पट्टो चांगलो होतो. तू तसोच दिलं असतंस, ह्या यंत्र असा म्हणान, तरी मी तुका हात जोडलंय असतंय. पण थेंब घालू नको, असा कोणी सांगलान? आईन सांगलान, का तू?"

महाराज मागच्या दाराकडे वळले. तिथे काही बायका उभ्या होत्या, ज्यांनी आपापल्या माणसांची औषधं बंद केली होती. त्यांनी वाट दिली नाही.

आम्ही पोलिसांत तक्रार केली. जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा नोंदवला गेला आणि खटला अजून चालू आहे. चौकशीत कळलं की महाराज आधी ऑपेरा हाऊसच्या बाजूला गाड्यांना सेन्सर बसवायचं काम करत. हात चांगला होता, असं तिथले लोक म्हणाले. मला त्याचंच वाईट वाटतं. त्या माणसाने आंधळ्यांच्या उपयोगाची एक वस्तू स्वस्तात, स्वतःच्या डोक्याने बनवली होती. ती वस्तू म्हणून विकली असती तर मी माझ्या दवाखान्यात तिची जाहिरात लावली असती. पण वस्तूला गिऱ्हाईक येतं, चमत्काराला भक्त येतात, आणि गिऱ्हाईक तक्रार करतं, भक्त माफी मागतो. हा फरक त्याला बरोबर कळला होता.

काकींच्या डाव्या डोळ्याची नजर आली नाही, येणारही नाही. उजवा डोळा थेंबांवर टिकून आहे. स्वप्नील सकाळ-संध्याकाळ स्वतः थेंब घालतो. माझ्याशी तो फार बोलत नाही आणि मी त्याला बोलायला लावत नाही. मृणालिनीने काकींना परळच्या फुटपाथवर काठी घेऊन चालायला शिकवलं. पहिले काही दिवस त्या फेरीवाल्यांच्या टोपल्यांत काठी घालून शिव्या खात होत्या, आणि परत देतही होत्या. आता गल्लीपर्यंत एकट्या जातात. मिरची रंगावरून निवडता येत नाही, म्हणून वासावरून आणि देठावरून निवडायला शिकत आहेत. चुकतात. स्वप्नीलची बायको परत निवडते.

हॉलमधले कितीतरी लोक मात्र मृणालिनीकडे येऊन हळूच विचारू लागले, पट्टा ठेवला तर चालेल का? ती म्हणाली, जरूर ठेवा. तिने ओळखीच्या इंजिनियरिंगच्या मुलींकडून ते पट्टे उसवून, नीट बसवून घेतले. देताना ती प्रत्येकाला आधी सांगते की याला जिना दिसत नाही, खड्डा दिसत नाही, गोधडी दिसत नाही, बॅटरी संपली तर काहीच दिसत नाही, म्हणून काठी सोडायची नाही आणि औषध तर मुळीच सोडायचं नाही.

येत्या काळात अशा वस्तू खूप येणार आहेत. कानात बसणाऱ्या, मनगटावर बसणाऱ्या, चष्म्यातून वाचून दाखवणाऱ्या, बहिऱ्याला ऐकवणाऱ्या. त्यांतल्या काही आपल्याला समजणार नाहीत, आणि जे समजत नाही त्याच्यापुढे हात जोडायची आपल्याला घाई असते. म्हणून एवढंच सांगते. कोणी तुमच्या हातात अद्भुत वस्तू ठेवली तर ती उघडून दाखव म्हणा. ती कधी चालत नाही ते विचारा. आणि तिच्या बदल्यात तो तुम्हाला काय सोडायला सांगतो आहे, ते नीट ऐका. यांतल्या एका जरी प्रश्नावर तो रागावला, तर वस्तू टेबलावर ठेवा आणि आपल्या माणसाला हाताला धरून घरी घेऊन जा. वाटेत औषधांचं दुकान लागेल, तिथे थांबा.